एका अमेरिकन हायस्कूलचे १९५८चे इयरबुक आणि सोबतची विषयपुस्तिका: खरेदीनंतरचा अभिप्राय

मागच्या महिन्यात मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ओहायो राज्यातल्या एका सरकारी हायस्कूलचे १९५८चे इयरबुक (विद्यार्थी-शिक्षकांच्या छायाचित्रांचा शाळेचा वार्षिक अंक) आणि त्याच शाळेची १९५७–५८ची विषयपुस्तिका (त्या वर्षी निवडता येणाऱ्या विषयांची यादी) असा जोड ४२ डॉलरांना विकत घेतला. जुनी इयरबुके जमवणारे लोक बहुधा पुढे नावारूपाला आलेल्या एखाद्या व्यक्तीच्या कोवळ्या वयातल्या छायाचित्रासाठी पैसे मोजतात. या अंकात तसे कोणीच नसल्यामुळे तो एवढ्या किमतीत मिळाला. मी स्वतः अमेरिकेतच एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. त्यामुळे माझी नजर पहिल्यापासून शिक्षकांच्या पानांवर आणि विषयांच्या यादीवर होती, आणि हा अभिप्रायही त्या दोन गोष्टींपुरताच आहे. नाचाच्या कार्यक्रमांची आणि फुटबॉलची पाने ज्यांना हवी असतील त्यांना ती या अंकात भरपूर मिळतील, पण त्यांविषयी मी काही सांगणार नाही.

आधी वस्तूच्या स्थितीविषयी. इयरबुक १६८ पानांचे, जाड आर्ट पेपरवर छापलेले आहे. फुगीर पुठ्ठ्यावर शाळेचे चिन्ह उठावदार उमटवले आहे आणि शिवण अजून घट्ट आहे. विक्रेत्याने ‘उत्तम स्थिती’ असे लिहिले होते, परंतु पाकीट उघडताच दमट तळघराचा कुबट वास खोलीभर पसरला, आणि मधली चार पाने एकमेकांना चिकटलेली निघाली. आर्ट पेपर एकदा ओलसर होऊन चिकटला की ओढताना छपाईचा थरच सुटून येतो, म्हणून मी ती सोडवण्याच्या फंदात पडले नाही. तक्रार केल्यावर विक्रेत्याने वाद न घालता सहा डॉलर परत केले. विषयपुस्तिका मात्र साधी आहे: स्टेन्सिल कापून काढलेली २४ पाने, दोन गंजलेल्या पिना आणि कडेला चहाचा किंवा कॉफीचा गोल डाग. दोन्हींपैकी एकच ठेवायचे झाले तर मी ही पुस्तिका ठेवीन.

पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर पदविकेसाठी १६ ‘युनिट’ लागतील असे बजावले आहे. हे एकक १९०६ साली कार्नेगी फाउंडेशनने ठरवले. एक विषय वर्षभरात १२० तास शिकला की एक युनिट, असा त्याचा हिशेब आहे. फाउंडेशनला खरे तर महाविद्यालयीन प्राध्यापकांना निवृत्तिवेतन द्यायचे होते. कोणते महाविद्यालय त्यास पात्र, हे ठरवण्यासाठी त्याने प्रवेशाला किमान १४ युनिटांची अट घातली, आणि तिच्यापायी देशभरच्या हायस्कुलांचे वेळापत्रक घड्याळाला बांधले गेले. प्राध्यापकांच्या म्हातारपणाची सोय करताना चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचे माप ठरावे, हा योगायोग मला दर वर्षी माझे स्वतःचे वेळापत्रक हातात पडते तेव्हा आठवतो.

त्यापुढे चार रकाने आहेत: कॉलेज प्रिपरेटरी (महाविद्यालयाची तयारी), कमर्शियल (कचेरीची कामे), व्होकेशनल (कारागिरी) आणि जनरल (सर्वसाधारण). मी मोजले तेव्हा एकूण ६१ विषय भरले. इंग्रजी, अमेरिकेचा इतिहास, शासनव्यवस्था, आरोग्य आणि शारीरिक शिक्षण हे चारही रकान्यांत आहेत. बाकी वाटा नववीतच फुटतात. पहिल्या रकान्यात नववीला बीजगणित, दहावीला प्रतलीय भूमिती, अकरावीला पुढचे बीजगणित आणि बारावीला अर्धे वर्ष त्रिकोणमिती व अर्धे वर्ष घनभूमिती आहे. जनरल रकान्यात त्या जागी ‘सामान्य गणित’ एक वर्ष आणि नंतर हवे असल्यास ‘ग्राहकांचे गणित’ आहे, ज्यात हप्त्यांवरचे व्याज, विम्याचा हप्ता आणि आयकराचा अर्ज शिकवला जाई. गणिताची शिक्षिका म्हणून मला हा दुसरा विषय मुळीच कमी दर्जाचा वाटत नाही. खटकते ते एवढेच, की त्या रकान्यातून पहिल्या रकान्यात परत येण्याची वाट पुस्तिकेत कुठेही दाखवलेली नाही. नववीत बीजगणित हुकले की बारावीपर्यंत भौतिकशास्त्राच्या वर्गाचे दार आपोआप बंद होते, आणि ही गोष्ट पालकांना कळावी अशा शब्दांत एका ओळीनेही सांगितलेली नाही.

ही मांडणी एका शाळेच्या डोक्यातून निघालेली नव्हती. १९१७च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती, कारागिरी आणि गृहविज्ञान यांच्या शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा दिला आणि कारागिरीच्या अभ्यासक्रमात निम्मा वेळ प्रत्यक्ष कामाला देण्याची अट घातली. म्हणूनच व्होकेशनल रकान्यातल्या मुलांचा अर्धा दिवस कार्यशाळेत जातो. त्याच कायद्याच्या घडणीत ज्यांचा हात होता त्या चार्ल्स प्रॉसर यांनी १९४५ साली असा ठराव मांडला, की सुमारे २० टक्के मुले महाविद्यालयासाठी तयार होतात, २० टक्के कुशल व्यवसायांसाठी, आणि उरलेल्या ६० टक्क्यांना शाळा काहीच उपयोगाचे देत नाही. त्यांना जीवनाशी जुळवून घेण्याचे शिक्षण द्यावे. जनरल रकान्यातले ‘कौटुंबिक जीवन’ आणि ‘ग्राहकांचे गणित’ हे विषय त्या विचाराचीच संतती आहेत. या विचाराची टिंगल करणे सोपे आहे, परंतु १९५० साली देशातल्या साधारण ५९ टक्के मुलांनाच हायस्कूलची पदविका मिळत होती आणि १९६० पर्यंत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या जवळ गेले, हेही ध्यानात घ्यायला हवे. शतकाच्या आरंभी जी शाळा मूठभरांची होती ती आता बहुतेकांची झाली होती, आणि त्या सगळ्यांना बसायला जागा देणे हे या ६१ विषयांचे खरे काम होते. ते काम या शाळेने केलेले दिसते. कोणी कुठे बसायचे, हे मात्र फार लवकर ठरवून टाकले.

पुस्तिकेचे शेवटचे पान म्हणजे विषय निवडीचा अर्ज आहे, आणि या प्रतीत तो पेन्सिलने भरलेला आहे. पूर्वीची मालकीण अकरावीत जाणारी मुलगी होती. तिने इंग्रजी, अमेरिकेचा इतिहास आणि टायपिंग यांपुढे ठसठशीत खुणा केल्या आहेत. रसायनशास्त्रापुढेही एक खूण होती. ती खोडरबराने पुसली आहे, पण कागद तिरपा धरला की पेन्सिलचा दाब स्पष्ट दिसतो. तिच्या खाली, वेगळ्या आणि जरा जाड पेन्सिलने, शॉर्टहँडपुढे (लघुलेखनापुढे) खूण आहे. पालकाच्या सहीखालचा तिसरा हस्ताक्षराचा नमुना समुपदेशकाच्या आद्याक्षरांचा आहे. कोणी काय पुसले आणि का पुसले, हे कागद सांगत नाही. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सहाव्या तासाला होती आणि शॉर्टहँडही सहाव्याच तासाला होते, एवढे वेळापत्रकावरून कळते. कदाचित सगळी भानगड तेवढीच असेल. तरीही ४२ डॉलरांपैकी निम्मे मी या एका पानाचे समजते.

आता शिक्षकांकडे वळते. इयरबुकात त्यांना आठ पाने दिली आहेत आणि प्रत्येक छायाचित्राखाली नाव, पदवी, महाविद्यालय, शिकवण्याचे विषय आणि सांभाळलेली मंडळे अशी नोंद आहे. शिक्षक ३८, त्यांपैकी स्त्रिया २१. बहुतेकांची पदवी राज्यातल्याच महाविद्यालयांची आहे. केंट आणि बोलिंग ग्रीन ही नावे वारंवार येतात, आणि ही दोन्ही ठिकाणे १९१० साली शिक्षक घडवण्यासाठीच स्थापन झाली होती. पदवी छापण्यामागे मिरवण्यापेक्षा व्यवहार जास्त होता असे मला वाटते, कारण त्या काळापर्यंत बहुतेक ठिकाणी शिक्षकांचा पगार पदवी आणि सेवेची वर्षे या दोनच गोष्टींवर ठरू लागला होता. देशभरची सरासरी पाहिली तर तो १९४९–५०मध्ये वर्षाला सुमारे ३,००० डॉलर आणि १९५९–६०मध्ये सुमारे ५,००० डॉलर होता.

स्त्रियांच्या नावांमागे ‘मिस’ १३ आणि ‘मिसेस’ ८ आहेत. तेरा ‘मिस’पैकी दहा जणी केस पिकलेल्या, आणि ‘मिसेस’पैकी सहा जणी तिशीच्या आतबाहेर दिसतात. हे उगीच घडलेले नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेतल्या बऱ्याच शाळामंडळांनी लग्न झालेल्या स्त्रीला नोकरी न देण्याचा, आणि नोकरीत असताना लग्न केल्यास ती सोडायला लावण्याचा नियम ठेवला होता. युद्धानंतर शिक्षक मिळेनासे झाले तेव्हा तो नियम गळून पडला. ज्यांनी १९२५–३० च्या सुमारास नोकरी धरली त्यांनी लग्न आणि फळा यांतून एकाची निवड केली, आणि त्यांच्याच शेजारच्या वर्गात आता लग्न झालेली तरुणी शिकवत होती. शिक्षककक्षात त्यांचे आपसात काय बोलणे होत असेल, याची मला फार उत्सुकता आहे. गरोदर शिक्षिकेला ठरावीक महिन्यात सक्तीने रजेवर पाठवण्याचे नियम तर १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवेपर्यंत अनेक ठिकाणी चालू होते.

पुरुष शिक्षकांत तिशीतले बरेच आहेत. सैन्यातून परतलेल्यांना शिक्षणाचा खर्च देणाऱ्या १९४४च्या कायद्यामुळे जी पिढी महाविद्यालयात गेली, तिच्यातलेच हे असावेत. दोघांच्या नोंदीत नौदलातल्या सेवेचा उल्लेखही आहे. एकाच माणसाकडे असलेल्या कामांची यादी वाचून मला धाप लागली. इतिहास शिकवणारे गृहस्थ कुस्तीचे प्रशिक्षक आहेत आणि मोटार चालवण्याचा वर्गही तेच घेतात. भौतिकशास्त्राचे शिक्षक फिल्म दाखवण्याचे यंत्र चालवणाऱ्या मुलांचे मंडळ सांभाळतात. इंग्रजीच्या एक ‘मिस’ शाळेचे वृत्तपत्र, बारावीचे नाटक आणि हे इयरबुक अशी तिन्ही कामे पाहतात. त्यांच्या नोंदीत पाच तुकड्या आहेत. तुकडीत तीस मुले धरली तर दीडशे निबंध होतात. एका निबंधाला दहा मिनिटे दिली तर नुसत्या तपासणीलाच पंचवीस तास लागतात. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी १९५९च्या आपल्या अहवालात इंग्रजीच्या शिक्षकाकडे शंभरापेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत आणि मुलांनी सरासरी आठवड्याला एक निबंध लिहावा अशी शिफारस केली होती. ती शिफारस वाचताना या बाईंना हसू आले असेल की रडू, कोण जाणे.

लॅटिनच्या शिक्षिकेचे पान मला सर्वांत जास्त आवडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या सरकारी हायस्कुलांतली जवळपास निम्मी मुले लॅटिन शिकत. शतकाच्या मध्यावर ते प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आले होते. पुस्तिकेत चार वर्षांची लॅटिन छापलेली आहे, दुसऱ्या वर्षी सीझर, तिसऱ्या वर्षी सिसेरो आणि चौथ्या वर्षी व्हर्जिल असा ठरीव क्रमही दिला आहे. पण तिसऱ्या आणि चौथ्या वर्षापुढे ‘पुरेसे विद्यार्थी असल्यास’ असे कंसात म्हटले आहे. छायाचित्रात बाई फळ्यापाशी उभ्या आहेत आणि त्यांच्यासमोर बाके मोठ्या वर्गाची असली तरी मुले फक्त सात आहेत. छायाचित्रकाराने बाके झाकण्याचा काहीच प्रयत्न केलेला नाही.

याउलट टायपिंगच्या खोलीत तिळभर जागा नाही. पाच ओळींत मिळून चाळीस यंत्रे, भिंतीवर अक्षरफलकाचा मोठा तक्ता आणि हातात स्टॉपवॉच घेतलेल्या शिक्षिका. भिंग लावून पाहिले तर यंत्रांच्या कळांवर अक्षरेच नाहीत. मुलींनी मान खाली घालू नये म्हणून कोऱ्या कळा बसवलेल्या आहेत. पुस्तिकेत वर्षाअखेरची कसोटी दिली आहे: मिनिटाला निव्वळ चाळीस शब्द, पाच ठोक्यांचा एक शब्द, आणि प्रत्येक चुकीमागे दहा शब्द वजा. म्हणजे पाच मिनिटांत अडीचशे शब्द टंकित केले आणि पाच चुका झाल्या तर पन्नास शब्द गेले, उरले दोनशे, आणि मुलगी जेमतेम उत्तीर्ण झाली. सहावी चूक झाली की नापास. माझ्या बीजगणिताच्या वर्गात एवढी कठोर गुणदान पद्धत मी कधी लावलेली नाही. कॉलेजच्या रकान्याला ‘अवघड’ आणि कमर्शियलला ‘सोपा’ म्हणण्याची तेव्हाही रीत होती, पण या दोन पानांवरून तरी तसे म्हणवत नाही.

शॉर्टहँडही त्याच शिक्षिकेकडे होते. पद्धत ग्रेग यांची, म्हणजे १८८८ साली प्रसिद्ध झालेली आणि १९४९ साली सोपी करून पुन्हा मांडलेली. पिटमनच्या, म्हणजे लघुलेखनाच्या दुसऱ्या एका पद्धतीत रेघ जाड की बारीक यावर उच्चार ठरतो. ग्रेगमध्ये जाडीचा प्रश्नच नाही, लांबी आणि वळण पाहायचे. इयरबुकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर सह्यांच्या गर्दीत या शिक्षिकेने दोन ओळी त्याच लिपीत लिहिल्या आहेत. आयुष्यभर विमा कचेरीत सेक्रेटरी म्हणून काम केलेल्या माझ्या शेजारच्या बाईंना मी त्या दाखवल्या. त्यांनी चष्मा वर-खाली करून एका दमात वाचून दाखवल्या. त्यात निरोपाचे किंवा आशीर्वादाचे काही नव्हते: सोमवारी कचेरीत मुलाखत आहे, हातमोजे घालून जा, आणि आपली पेन्सिल आपण न्या. मुलीला पुढची नोकरी या बाईंनीच मिळवून दिलेली दिसते. कमर्शियल रकान्याच्या शिक्षकांना गावातल्या कचेऱ्या थेट माणसे मागत, आणि त्या कामाची नोंद पुस्तिकेत कुठल्याही युनिटात होत नसे.

विज्ञानाच्या बाबतीत हा जोड फार नेमक्या वेळचा आहे. पुस्तिका १९५७च्या वसंतात निघाली, आणि ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. पुस्तिकेत जीवशास्त्राच्या सहा तुकड्या, रसायनशास्त्राच्या दोन आणि भौतिकशास्त्राची एकच आहे. इयरबुक छापायला गेले तोवर विज्ञान मंडळाचे पान दुप्पट झाले होते आणि मधल्या छायाचित्रात पत्र्याचे अग्निबाण हातात धरलेली मुले आली होती. शाळेतल्या विज्ञानाची दुरुस्ती स्पुटनिकच्या धक्क्यानेच सुरू झाली असे सर्रास सांगितले जाते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जेरॉल्ड झकारायस यांनी भौतिकशास्त्राचा नवा अभ्यासक्रम रचणारी समिती मात्र १९५६ सालीच उभी केली होती. तिचे पाठ्यपुस्तक १९६० साली बाजारात आले. स्पुटनिकने पैसा सैल केला, हे खरे. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी सप्टेंबर १९५८मध्ये सही केलेल्या कायद्याने विज्ञान, गणित आणि परकीय भाषांच्या साधनसामग्रीला आणि समुपदेशकांच्या प्रशिक्षणाला निधी दिला. या शाळेत त्या वर्षी समुपदेशक एकच होता आणि तोही अर्धा दिवस समाजशास्त्र शिकवत असे. पुसलेल्या त्या खुणेजवळची आद्याक्षरे त्याचीच आहेत.

मुले आणि मुली यांच्या वाटणीविषयी फार लिहीत नाही, कारण ती कोणत्याही पानावर दिसते: कार्यशाळा मुलांची, शिवणयंत्रे आणि सहा चुलींचे स्वयंपाकघर मुलींचे. शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई करणाऱ्या १९७२च्या कायद्यापर्यंत याला अडवणारे केंद्रीय बंधन नव्हते. कार्यशाळेच्या शिक्षकांविषयी मला काहीच सांगता येत नाही. चिकटलेली चार पाने नेमकी त्यांचीच आहेत.

एका गोष्टीपाशी मात्र थांबायला हवे. बारावीच्या १७२ छायाचित्रांत सात विद्यार्थी कृष्णवर्णीय आहेत, आणि ३८ शिक्षकांत एकही नाही. ओहायोत वर्णानुसार वेगळ्या शाळांचा कायदा तेव्हा नव्हता, आणि अंकात कुठे कटू शब्दही नाही. तरी १९५७–५८ हेच ते वर्ष आहे, ज्यात अर्कान्सॉ राज्यातल्या लिटल रॉक येथील, तोवर फक्त गोऱ्या मुलांच्या असलेल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना सैनिकांच्या पहाऱ्यात वर्गात जावे लागले. तेथे त्यांना वर्गात बसायला मिळाले, पण खेळ, वाद्यवृंद, मंडळे यांत भाग घेण्याची परवानगी नव्हती. मे १९५८मध्ये त्यांच्यातल्या अर्नेस्ट ग्रीन यांनी पदविका घेतली, आणि पुढच्या वर्षी गव्हर्नरांनी गावातली हायस्कुलेच बंद ठेवली. माझ्या हातातल्या अंकाचा सर्वांत जाड भाग मंडळांचा आहे. तो चाळताना मी त्या सात जणांची नावे शोधली: पाच जण धावण्याच्या संघात किंवा गायकवृंदात सापडले, एक मुलगी गृहविज्ञान मंडळात, आणि एक मुलगा कुठेच नाही.

घ्यावे की नाही, या प्रश्नावर माझे मत असे. निव्वळ इयरबुक घेणार असाल तर १५–२० डॉलरांपेक्षा जास्त देऊ नका. शिक्षकांची पाने त्यात असतातच, पण कोणत्या वर्गात कोण आणि का बसले हे त्यावरून उमगत नाही. विषयपुस्तिका सोबत असेल तर चाळीसपर्यंत जायला हरकत नाही, कारण अशी स्टेन्सिलची कागदपत्रे बहुतेकांनी वर्ष संपताच टाकून दिली. विक्रेत्याला आधीच तीन गोष्टी विचाराव्यात: वास येतो का, पाने चिकटली आहेत का आणि पेन्सिलच्या खुणा आहेत का. तिसऱ्या प्रश्नाला विक्रेते दोष म्हणून ‘थोड्या आहेत’ असे ओशाळून सांगतात. तसे उत्तर आले तर प्रत लगेच घ्यावी. मी पाचपैकी चार तारे देते, एक तारा तळघराच्या वासाला वजा. त्याच शाळेचा १९५९चा अंक दुसऱ्या एका विक्रेत्याकडे दिसला, तोही मागवला आहे. तो आला की भौतिकशास्त्राची दुसरी तुकडी निघाली का, हे आधी पाहीन.